चिखलीच्या काकींना, जाहीर आभार

ती. काकींना,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण परवाच्या कार्यक्रमानंतर जो तो कोटाच्या गोष्टीबद्दल बोलत होता आणि शाबासकी मात्र मला देऊन जात होता. ती गोष्ट तुमची आहे. नाव घेऊ नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून घेत नाही. पण ती कुणाकडून आली हे ऐकणाऱ्यांना कळायलाच हवं.

'चांगलं वागायचं ठरवलेला माणूस' या विषयावर तासाभराचं स्टँडअप करायचं आम्ही ठरवलं, तेव्हाच एक गोष्ट नक्की होती. कोल्हापुरात चांगुलपणावर बोलायचं आणि पुराबद्दल गप्प बसायचं, हे जमणारच नाही. २०१९ चा ऑगस्ट इथं कुणी विसरलेलं नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, गाड्यांच्या रांगा लागल्या. पेठापेठांतून, तालमींतून भाकरी-चपात्यांचे ढीग उठले. माणूस माणसाला धावून आला, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं. पण आम्ही सगळे कोरड्या बाजूचे. आमच्याजवळ देणाऱ्यांच्या गोष्टी होत्या, घेणाऱ्याची एकही नव्हती. आणि ज्यांच्या घरात पाणी शिरलं तीच माणसं समोरच्या खुर्च्यांत बसणार होती.

म्हणून तुम्हाला विचारलं. रतीब घालून झाल्यावर तुम्ही किटली खाली ठेवून आमच्या कट्ट्यावर टेकलात आणि "विचार की, कशाला लाजतीस?" म्हणालात. त्या सकाळी पुढच्या घरांना दूध उशिरा मिळालं, त्यांचेही आभार.

पाणी वाढताना नदीकाठच्या तुमच्या चिखली गावातली माणसं बोटीत का बसत नव्हती, हे टीव्हीवर बघताना शहरातल्या कितीतरी लोकांना कळत नव्हतं. तुम्ही एका वाक्यात सांगितलंत : "म्हशीला बोटीत घेत्यात व्हय?" मग पाणी ओसरल्यावर काय लागतं ते सांगितलंत. खराटा, फावडं, ब्लीचिंग पावडर, काडेपेटी, कोरडी वैरण, बायकांचे आतले कपडे. आणि टेम्पोतून काय उतरलं तेही. जरीच्या साड्या, नाडी नसलेले परकर, एकाच पायाचा बूट, बिस्किटांचे इतके पुडे की शेवटी जनावरांपुढं टाकले.

आणि तो कोट! लग्नात घालतात तसला, अस्तराचा, काळा. गुडघाभर चिखलातून तो घेऊन आलेला पोरगा लांबच्या गावाहून रात्रभर प्रवास करून आला होता आणि तुमच्या घराच्या भिंती बघून तोच रडायला लागला. तुम्ही त्याला आधी चहा दिलात. मग कोट हातात घेऊन म्हणालात, "बरं झालं बाळा, ह्येच पायजे हुतं." घरात दुसरं कोरडं काहीच नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी काका तो कोट घालून धारा काढायला बसले. म्हशीनं त्यांना ओळखलंच नाही. पान्हा चोरला, दूधच सोडेना!

हे सांगताना तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. मीही हसले. त्यानंतर तुम्ही जे बोललात त्यावर आमचा सगळा कार्यक्रम उभा राहिला : "देणाऱ्यालाच चांगलं वागाय लागतंय असं न्हाई. घेणाऱ्यालाबी लागतंय."

काकी, या विषयावर आम्ही किती वाचलं, किती चर्चा केल्या. दान कसं करावं, फोटो काढावा की नाही, उजव्या हाताचं डाव्याला कळावं की नाही. पण जिचं घर चिखलात गेलंय त्या बाईनं एका रडणाऱ्या परक्या पोराचं मन राखण्यासाठी कोट आनंदानं घ्यायचा, हा चांगुलपणा कुणाच्या चर्चेत नव्हता. मला तो सगळ्यात मोठा वाटतो. देणारा घरी जाऊन समाधानानं झोपतो. घेणाऱ्याला नको ती वस्तू सांभाळत वर हसावं लागतं, आणि तुम्ही ते मनापासून केलंत.

दुसरी मदत याहून बारीक होती. काय सांगायचं आणि काय नाही, हे तुम्हीच ठरवून दिलंत. कोट सांग म्हणालात. वाहून गेलेल्या रेडकाचं सांगू नको म्हणालात. शेजारच्या म्हाताऱ्यांनी छपरावर काढलेली रात्र मला फार जोरकस वाटत होती. तुम्ही मान हलवलीत : "त्यो माणूस गावात हाय अजून. त्येला इचारल्याबिगर न्हाई." स्टँडअप शिकवणारे वाक्य कुठं तोडायचं, शेवटचा फटका कुठं ठेवायचा, किती थांबायचं, हे सगळं शिकवतात. कुणाचं दुःख कुणाच्या परवानगीनं मंचावर आणायचं, हे मी तुमच्याकडून शिकले. तेव्हापासून आमच्या प्रत्येक नव्या गोष्टीला पहिला प्रश्न हाच असतो.

कार्यक्रम राजारामपुरीत, रात्री साडेआठला ठेवला तो तुमच्या धारा उरकाव्यात म्हणून. तुम्ही मुलाच्या मोटारसायकलवरून आलात, मागच्या रांगेत बसलात. 'पान्हा चोरला' या वाक्यावर आधी गावाकडचे हसले. शहरातल्या पोरांना शेजाऱ्यांनी अर्थ सांगितला आणि दुसरी लाट आली. इतकं मोकळं हसू मी आजवर कमावलेलं नव्हतं. संपल्यावर शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या एक ताई येऊन माझा हात धरून उभ्या राहिल्या. त्या वर्षी गणपती तोंडावर आले असताना त्यांच्या घरातल्या तयार मूर्ती पाण्यात विरघळल्या होत्या. "आम्हालाबी असंच एक काय काय आलं हुतं," म्हणत त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि खुर्च्या उचलायला आलेली पोरंसुद्धा ऐकत थांबली. तुम्ही तोवर निघाला होतात, पहाटे उठायचं होतं. म्हणून हे मुद्दाम कळवतेय.

मानधनाचं पाकीट तुम्ही परत पाठवलंत. त्या पैशांची वैरण घेतली आहे, येत्या रविवारी तुमच्या गोठ्यात उतरवते. काकी, तुम्ही घेण्याबद्दल जे म्हणालात ते आता तुम्हालाही लागू आहे, तेव्हा नाही म्हणू नका.

आणि कार्यक्रम चिखलीत करायचा तुमचा आग्रह आम्हाला मान्य आहे. मे महिन्यात, पावसाच्या आधी, धारा झाल्यावर. माईक आणि स्पीकर आम्ही आणतो. छपरावरच्या आजोबांना पुढच्या रांगेत बसवा. त्यांची गोष्ट त्यांना स्वतः सांगायची असेल, तर माईक त्यांच्याच हातात देऊ.

काकांना नमस्कार.

तुमच्या रतिबाच्या घरातली,
पेठेतली पोरगी