आईला पत्र, फिलाडेल्फियाहून

आई, जय भीम.

पिंकी हे तुला वाचून दाखवेल. पिंके, मधलं काही गाळू नकोस.

परवा फोनवर तू म्हणालीस की झोप लागत नाही, छातीत धडधडतं, दुपारी उगाच रडू येतं, आणि वर तूच म्हणालीस की आता सगळं तर आहे, पक्कं घर आहे, घरात संडास आहे, मग मलाच का असं होतंय, माझंच मन कच्चं. शेजारची मावशी म्हणते नजर लागली, आणि दवाखान्यात दोन मिनिटांत टेन्शन घेऊ नका म्हणून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. तेव्हापासून माझं डोकं तिथेच अडकलंय. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, जेवलीस का एवढंच विचारतेस, म्हणून लिहायला बसले.

मी राहते त्या भागात सगळी भिंतीला भिंत लागून घरं, बहुतेक काळे लोक. प्रत्येक दाराला तीन-चार पायऱ्या आणि संध्याकाळी सगळे त्या पायऱ्यांवर बसलेले, अगदी आपल्या जुन्या गल्लीतल्या ओट्यासारखं. पण मधलंच एखादं घर नसतं. जळलेलं, पडलेलं, मग पाडून टाकलेलं, आणि त्या जागेत टायर, गाद्या, सुया. हे असं आपोआप नाही झालं गं. 1930 च्या दशकात इथल्या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे केले, काळ्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या, म्हणजे इथे दिलेलं कर्ज बुडणार. मग बँका घराला कर्ज देईनात, डागडुजीला देईनात, ज्यांना जमलं ते गेले आणि घरं पडत गेली. घर देताना असा भेदभाव करायला कायद्याने बंदी आली 1968 ला. आजीची वस्ती गावकुसाबाहेर ठेवायला तर नकाशाही लागला नव्हता. आणि दादा भाड्याची खोली बघायला गेलेला तेव्हा आडनाव ऐकल्यावर खोली लगेच 'कालच गेली' होती, आठवतंय ना?

तर माझ्या समोरच अशी एक रिकामी जागा आहे, पण ती साफ आहे. गवत, चार-पाच झाडं आणि गुडघ्याच्या वर येईल एवढं लाकडी कुंपण, त्यालाही मध्ये मोकळी वाट ठेवलीय. समोरची आजी रोज चारला घडीची खुर्ची काढून तिथे बसते. मी विचारलं, बरं वाटतं का? तर म्हणाली, आता निदान रस्त्यावरून कोण येतंय ते दिसतं, आधी मी खिडकीचा पडदाच उघडत नव्हते. एवढंच. मन वगैरे शब्दही तिने काढला नाही.

नंतर कॉलेजात कळलं की याच शहरात अशा 541 जागा घेऊन अभ्यास झाला होता, 2018 मध्ये छापून आला. चिठ्ठ्या काढल्यासारख्या जागा वाटल्या, काहींवर गवत-झाडं, काहींवर नुसता कचरा उचलला, काहींना हातच लावला नाही. गवत लावलेल्या जागांजवळ राहणाऱ्यांमध्ये उदास वाटतं असं सांगणं 41.5 टक्क्यांनी कमी झालं, आणि गरीब वस्त्यांत 68 टक्क्यांच्या वर. नुसता कचरा उचलला तिथे म्हणावा असा फरक नाही. एका जागेला खर्च सुमारे 1,600 डॉलर, म्हणजे आपले लाखाच्या वर, जास्त वाटतात पण एवढ्यात आपल्याकडे एका कार्यक्रमाचा मंडपही होत नाही.

आता आपल्या घराचं बघ. 225 स्क्वेअर फूट, चौथा मजला, लिफ्ट बंद, आणि समोरची बिल्डिंग इतकी जवळ की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आपण मोजतो. मधल्या गल्लीत वरून सगळे कचरा टाकतात म्हणून तू खिडकी बंद ठेवतेस आणि भर दुपारी बारा वाजता ट्यूबलाईट. झोपडीत दार दिवसभर उघडं असायचं, नळावर भांडणं व्हायची तरी चार बायका भेटायच्या, कुणाकडे बोंबील तळले तर वाटी यायची. आता दार लावलेलं आणि तू एकटी टीव्हीसमोर, त्यात कच्चं मन कुठून आलं? आपल्याच मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने टीबी बघितला होता, जिथे ऊन-वारा कमी तिथे टीबी जास्त. फुफ्फुसाला त्रास होतो हे सगळ्यांना पटतं, त्याच खोलीत मनालाही होतो म्हटलं की लोक नजर उतरवायला लागतात.

आणि तू म्हणशील चल मग दुसरीकडे घर घेऊ. तेही एवढं सोपं नाही. इथे 1994 पासून पाच शहरांत चिठ्ठ्या काढून साधारण 4,600 कुटुंबांवर प्रयोग केला, काहींना चांगल्या भागात भाड्याने राहायला मदत दिली. मोठ्यांची कमाई काही वाढली नाही, पण बायकांची उदासी कमी झाली, मुली सावरल्या आणि मुलगे मात्र उलट जास्त बिघडले. मला लगेच बंटी आठवला. शिफ्ट झाल्यापासून तो बोलत नाही म्हणता ना, त्याचे सगळे मित्र जुन्या गल्लीत राहिले. त्याला मोबाईलवरून ओरडू नका, रविवारी तिकडे खेळायला जाऊ द्या, दादालाही सांग.

गोळ्या आपल्या आपण बंद करू नकोस, पण 14416 वर फोन कर. टेलीमानस म्हणतात, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. पिंकीला लावून दे म्हण आणि तिला बाहेर पाठव, मग मोकळं बोल.

तुमच्या मजल्यावरच्या बायका बचतगटाला जमतात ना, तिथे त्या मधल्या गल्लीचा विषय काढ. आधी वरून कचरा टाकणं बंद व्हायला पाहिजे, नाहीतर कुंड्या ठेवाल त्यावर डायपर पडतील. ते थोडं जमलं की खिडकी उघडायची.

पैसे दहा तारखेला पाठवते. रविवारी व्हिडिओ कॉल करशील तो घरातून नको, खाली उतर, वडापाववाल्याजवळच्या कट्ट्यावर बसून कर. गुडघा दुखतो माहीत आहे, बंटीचा हात धरून ये.

तुझी,
बेबी