‘माया’तला वाद आणि सुमनताईंची गाणी

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत ‘तस्वीर तेरी दिल में’ या द्वंद्वगीतामागची कहाणी आली आहे. या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात लता मंगेशकर आणि महंमद रफी यांचे बिनसले आणि त्या दिवसापासून दोघांनी एकत्र गाणे सोडले, असा तिचा मथितार्थ. कहाणी रंगतदार आहे, पण सालांशी तिचा मेळ बसत नाही. शिवाय लेखासोबतच्या चौकटीत सुमन कल्याणपूर यांची तीन गाणी लता-रफींची म्हणून दिली आहेत.

‘माया’ १९६१चा. संगीत सलील चौधरींचे, शब्द मजरूह सुलतानपुरींचे, पडद्यावर देव आनंद आणि माला सिन्हा. गाण्यातल्या एका जागेवरून दोघांत वाद झाला आणि सलीलदांनी लतादीदींची बाजू घेतली, ही गोष्ट संगीताच्या वर्तुळात वर्षानुवर्षे सांगितली जाते. तिथवर ठीक. पण त्यानंतर १९६२मध्ये ‘प्रोफेसर’चे ‘आवाज़ दे के हमें तुम बुलाओ’ आणि ‘असली नकली’चे ‘तुझे जीवन की डोर से’ आले. १९६३मध्ये ‘ताजमहल’चे ‘जो वादा किया’ आणि ‘मेरे महबूब’चे ‘याद में तेरी’ आले. ही चारही गाणी लता-रफींचीच. ‘माया’पासून अबोला धरला, तर ही गाणी गायली कोणी?

गाणे मुद्रित होते तेव्हा चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरण व्हायचेच असते. त्यामुळे गाणे आधीचे आणि चित्रपट वर्ष-दीड वर्षानंतरचा, हे त्या काळात नेहमीचे होते. ‘ग़बन’ घ्या. दिग्दर्शक कृष्ण चोप्रा यांचे मध्येच निधन झाले, हृषीकेश मुखर्जींनी चित्रपट पुरा केला आणि तो १९६६मध्ये लागला. त्यातले ‘तुम बिन सजन’ लता-रफींचे आहे. नुसते प्रदर्शनाचे साल पाहणारा म्हणेल, १९६६मध्ये दोघांचा समेट झालेला होता. साल बघून अबोला मोजायचा तर दोन्ही टोकांना एवढी ढील सोडावी लागते. पण सगळी ढील धरूनही चार मोठ्या चित्रपटांची गाणी ‘माया’च्या आधीच उरकली होती, हे पटण्याजोगे नाही.

खरे दुखणे रॉयल्टीचे होते आणि ते पेटले १९६२-६३च्या सुमारास. रेकॉर्डच्या विक्रीवर निर्मात्याला रॉयल्टी मिळे. त्यातून निवडक संगीतकारांना पाच टक्के सुटत, असा आकडा त्या काळाविषयीच्या लिखाणात येतो. या पाचातला निम्मा वाटा गायकांना हवा, ही लतादीदींची मागणी. गाण्याचे ठरलेले पैसे हातात पडले की गायकाचा हक्क संपला, हे रफीसाहेबांचे मत. त्यांना त्यात काही गैर वाटत नव्हते. दोन्ही बाजू आपापल्या जागी समजण्यासारख्या आहेत. आमचे मत विचाराल तर व्यवहारात लतादीदी बरोबर होत्या. ‘महल’च्या ‘आएगा आनेवाला’ची पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे नाव छापले होते. हे १९४९मधले. ज्या धंद्यात नाव छापून घ्यायलाही भांडावे लागते, तिथे पैसा आपण होऊन कोण देणार?

अबोल्याचा पक्का पुरावा १९६३पासूनच्या चित्रपटांतच आहे, आणि आपल्या लेखात नेमका तोच नाही. १९६३च्या ‘दिल एक मंदिर’मध्ये ‘रुक जा रात’ लतादीदींचे, ‘याद न जाए’ रफींचे, आणि दोघांनी गायला हवे असे शीर्षकगीत मात्र रफी आणि सुमन कल्याणपूर यांचे. १९६४च्या ‘राजकुमार’मध्ये ‘आजा आई बहार’ लता, ‘इस रंग बदलती दुनिया में’ रफी आणि ‘तुमने पुकारा और हम चले आए’ रफी-सुमन. १९६५च्या ‘जब जब फूल खिले’मध्ये ‘परदेसियों से ना अँखियाँ मिलाना’ लता आणि रफी या दोघांनीही गायले आहे, पण वेगवेगळे. ‘ना ना करते’ हे युगुलगीत पुन्हा रफी-सुमन. एकाच चित्रपटात दोघेही हजर आणि द्वंद्वगीत तेवढे तिसरीकडे, हा योगायोग तीन वेगवेगळ्या वर्षी होत नसतो.

लतादीदींच्या जागी सुमनताईच का, याचेही उत्तर नुसते ‘आवाज सारखा’ एवढे नाही. शास्त्रीय गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज, म्हणजे मूळ सा, साधारण पेटीवरच्या काळी एक-दोनचा, बाईचा काळी चार-पाचचा. द्वंद्वगीत एकाच पट्टीत बांधायचे तर कोणाला तरी मुरड घालावी लागते. बाईच्या सोयीची पट्टी धरली की पुरुषाचा अंतरा तारसप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, जातो आणि तिथे बहुतेकांचा आवाज चिरकतो किंवा नाकात जातो. रफींचा चिरकत नसे. त्यामुळे संगीतकार लतादीदींची उंच पट्टी गृहीत धरून चाल बांधू शकत. आता त्याच चालीला खालच्या पट्टीची गायिका आणली, तर पट्टी उतरवावी लागणार, आणि पट्टी उतरली की वादकांचे नोटेशनचे सगळे कागद बदलणार. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा हे गोव्याचे अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ बांधणारे, व्हायोलिनच्या ताफ्याचे भाग नोटेशनमध्ये लिहून देत. सूर बदलला की मोकळ्या तारांवर वाजणारे स्वर बोटाखाली जातात आणि ताफ्याची झळाळी उतरते. शिवाय मुद्रण सलग असे. गायक-वादक एकाच वेळी, आणि कोणाचाही एक सूर हलला की पुन्हा पहिल्यापासून. सुमनताई त्याच पट्टीत, त्याच तयारीने उभ्या राहत. मांडलेला डाव न मोडता गाणे पुरे होई.

लतादीदी आणि सुमनताईंच्या आवाजांतला फरक ओळखायचा असेल तर ‘ममता’सारखी सोय नाही. १९६६चा हा चित्रपट रोशन यांच्या संगीताचा. सुचित्रा सेन यांनी आई आणि मुलगी अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत. ‘रहें ना रहें हम’ आईसाठी लतादीदींनी एकटीने गायले आणि मुलीसाठी तीच चाल रफी-सुमन यांच्याकडे आली. चाल तीच, संगीतकार तोच, पडद्यावरची अभिनेत्रीही तीच. दोन्ही लागोपाठ लावावीत. त्यानंतर ‘चाँद’ (१९५९)मधले ‘कभी आज कभी कल कभी परसों’ लावावे. तिथे हेमंतकुमारांनी दोघींना एकत्रच गायला लावले आहे.

श्रेयाची गल्लत कुठे होते, तेही सांगतो. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत पार्श्वगायकांची नावे एकत्र येतात, कोणते गाणे कोणाचे हे तिथे कळत नाही. पुढे कॅसेटचे संकलन करणाऱ्याने कानावर भरवसा ठेवून ‘लता-रफी’ छापले आणि आता इंटरनेटवर तेच उतरत चालले आहे. म्हणून नाव तपासायचे ते मूळ रेकॉर्डच्या लेबलवर. तिथे प्रत्येक बाजूला गाण्याच्या ओळीखाली गायकांची नावे असतात. रेकॉर्ड हाताशी नसेल तर हरमंदिर सिंग ‘हमराज़’ यांच्या हिंदी फिल्म गीत कोशाचा १९६१-७०चा खंड उघडावा. गाण्याच्या लांबीवरून मात्र काही ठरवू नये. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपासच मजकूर मावतो, त्यामुळे चित्रपटातला एखादा अंतरा रेकॉर्डवर नसतोच.

समेट झाल्यावर ‘ज्वेल थीफ’चे ‘दिल पुकारे’ आले, १९६७मध्ये. रॉयल्टीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. गायकांना व्यावसायिक वापरावर रॉयल्टी देणारी कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती २०१२ची. कायद्यात गायकाच्या हक्काची मुदत ५० वर्षे आहे आणि ती गायनाच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. ‘माया’च्या १९६१मधल्या गाण्याला हा हिशेब लावला तरी मुदत २०११अखेर, म्हणजे दुरुस्तीच्या आधीच, संपते.

आपल्या लेखासोबतच्या चौकटीत लता-रफींची म्हणून दिलेल्या गाण्यांपैकी ‘सूरज’चे ‘इतना है तुमसे प्यार मुझे’, ‘अप्रैल फूल’चे ‘तुझे प्यार करते हैं’ आणि ‘शगुन’चे ‘पर्बतों के पेड़ों पर’ ही तिन्ही सुमन कल्याणपूर यांनी रफींबरोबर गायलेली आहेत. पुढच्या रविवारी त्याच जागी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपले,
काही रेकॉर्ड संग्राहक, पुणे