माळ्यावरची दुर्बीण खाली काढताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी दुर्बीण घ्यायची आणि संक्रांतीपर्यंत ती खोक्यासकट माळ्यावर टाकायची, असे कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांत होते. ‘चंद्र सोडून काही दिसत नाही’ ही ठरलेली तक्रार. अशा दुर्बिणी क्वचितच बिघडलेल्या असतात. जोडणीच्या चार-दोन चुका असतात, आणि त्यातली एक अशी की खोक्यातली पुस्तिका तंतोतंत पाळली तरी ती होतेच, कारण पुस्तिका कोल्हापूरच्या अक्षांशासाठी लिहिलेली नसते.

आधी खोक्यावरच्या आकड्याबद्दल. ६० मिमी व्यासाच्या दुर्बिणीवर ‘५२५ पट’ असे छापलेले असते. हा आकडा कुठून येतो? नळीचे नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचे अंतर) ७०० मिमी, भागिले ४ मिमीचा आयपीस (डोळ्याशी येणारे भिंग), गुणिले ३ पटीचा बार्लो (वर्धन वाढवणारे जोडभिंग). गणित बरोबर आहे, दुर्बिणीला मात्र ते पेलत नाही. भिंगाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला फार तर दुप्पट वर्धन, म्हणजे ६० मिमीला १२० पट, हीच कामाची मर्यादा. त्यापुढे चित्र मोठे, अंधुक आणि थरथरते होत जाते. तेव्हा ४ मिमीचा आयपीस आणि ३ पटीचा बार्लो खोक्यातच राहू द्या. कुठलीही वस्तू आधी २० किंवा २५ मिमीच्या आयपीसने शोधायची, मध्यभागी आणायची, आणि मगच १० मिमीचा लावायचा.

आता अक्षांशाची चूक. वजनाचा दांडा असलेला तिरका माउंट (नळी पेलणारा आधार), म्हणजे इक्वेटोरियल, घेतला असेल तर त्याचा ध्रुवाक्ष, म्हणजे ताऱ्यामागे नळी ज्याभोवती फिरते तो अक्ष, ध्रुवताऱ्याकडे हवा. कोल्हापूरचा अक्षांश १६.७ अंश, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर असतो. हात लांब करून क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवली, तर दुसऱ्या मुठीच्या वरच्या भागात. पुस्तिकांतली चित्रे बहुधा ४०-५० अंशांची असतात आणि ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेला ठेवायला सांगतात. तसे करून माउंट १७ अंशांवर आणला की अक्ष जवळजवळ आडवा होतो, वजनाचा दांडा सरळ खाली लोंबतो आणि नळी फिरवताना त्याच उत्तरेकडच्या पायावर आपटतो. मग लोक वैतागून अक्ष पुन्हा ४० अंशांवर चढवतात, आणि तारा दृश्यातून निसटू लागतो. उपाय सोपा आहे. ट्रायपॉडचा एक पाय दक्षिणेला आणि दोन उत्तरेला ठेवा, दांडा त्या दोघांमधल्या मोकळ्या जागेत फिरेल. अक्षाची उंची ठरवणारा अंशांचा स्क्रू नळी आणि वजन उतरवूनच बसवा, नाहीतर तो भाराने घसरतो. नंतर दोन्ही अक्षांच्या कड्या सैल करून नळी मागेपुढे आणि वजन दांड्यावर सरकवत तोल साधा: हात सोडला की नळी सोडली तिथेच थांबली पाहिजे.

शहरातून ध्रुवतारा नेहमी दिसेलच असे नाही. समोर इमारत असते, आणि गळीत हंगामात पाचट पेटवल्याचा धूर नेमका खालच्या आकाशात साचतो. अशा वेळी होकायंत्राची उत्तर चालते. आपल्या भागात ती खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्याही आत आहे आणि डोळ्यांनी पाहण्यासाठी तेवढे पुरे. मात्र होकायंत्र, मग ते फोनमधले का असेना, ट्रायपॉडपासून आणि गच्चीच्या लोखंडी रेलिंगपासून दूर उभे राहून वाचा. मावळतीला पश्चिम धरून उत्तर ठरवू नका. अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या दिवसांत, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, सूर्य खऱ्या पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. त्यावरून काढलेली उत्तरही तेवढीच चुकते.

फाइंडर, म्हणजे नळीवरची छोटी शोधक दुर्बीण, रात्री जुळवण्याचा खटाटोप नको. ऊन असताना, सूर्याकडे पाठ करून, किमान एक किलोमीटर लांबच्या मोबाइल टॉवरचे टोक २५ मिमीच्या आयपीसमध्ये मध्यभागी आणा. मग नळीला हात न लावता फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर आणा. १० मिमीने पुन्हा तपासा. दहा मिनिटांचे हे काम टाळले की रात्रभर आंधळी कोशिंबीर.

‘नुसता अंधार दिसतो’ याची कारणे ठरलेली आहेत. आरशाच्या दुर्बिणीच्या मोठ्या झाकणाला एक छोटे झाकण असते आणि पुष्कळजण तेवढेच काढतात. १३० मिमीच्या नळीवर ४० मिमीचे भोक उघडले तर प्रकाश जेमतेम दहावा हिस्सा येतो. भिंगाच्या दुर्बिणीत काटकोनी डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा जोड) न लावता आयपीस थेट घातला, तर फोकसची नळी पुरेशी बाहेर येत नाही आणि चित्र कधीच स्पष्ट होत नाही. खिडकीच्या काचेतून तर पाहूच नये. उलटे चित्र हा मात्र दोष नाही. आणि तारा सरकतो तो पृथ्वी फिरते म्हणून: चंद्र आपल्या रुंदीइतका सरकायला दोनच मिनिटे लागतात.

गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतो. त्या हवेतून गुरू पाण्याखाली असल्यासारखा हलतो. अंगणातली माती बरी, नाहीतर उशिरा पाहा. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवली की आरसाही हवेच्या तापमानाला येतो. एवढे करूनही तारा ठिपक्यासारखा होत नसेल, तर आरशाची जुळणी तपासा. ठळक तारा मध्यभागी घेऊन थोडा फोकसबाहेर न्या. वर्तुळे एकात एक दिसली तर स्क्रूंना हात लावू नका. एका बाजूला कललेली असतील तर मागचे तीन स्क्रू एकेक करून, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवा आणि दर वेळी तारा पुन्हा मध्यभागी आणा.

पौर्णिमेच्या चंद्रापासून सुरुवात करू नका. त्यावर सावल्या नसतात, म्हणून विवरे सपाट दिसतात. शुक्ल सप्तमी-अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर पाहा. एप्रिल-मेच्या संध्याकाळी सप्तर्षीतला वसिष्ठ ५० पटीने पाहा: अरुंधती दूर राहते आणि वसिष्ठाचेच दोन तारे होतात. ते स्वच्छ वेगळे दिसले तर तुमची दुर्बीण ठणठणीत आहे. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे काठाने वळलेली होती, आता ती २०३२ पर्यंत रुंदावत जातील. आणि मे महिन्यात रात्री दहा-साडेदहाला पन्हाळ्याहून किंवा गगनबावड्याहून दक्षिणेला साधारण २६ अंशांवर ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गोल गुच्छ जरूर पाहा. लंडनहून तो कधी उगवतच नाही, आपल्याला तो ६० मिमीतूनही कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आयपीसला लावायची ‘सन’ (SUN) लिहिलेली काळी काच खोक्यात असेल, तर ती फोडून टाका. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते आणि डोळा क्षणात जातो. सूर्यासाठीचा फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण व्यास झाकणाराच हवा, आणि तेव्हा फाइंडर काढून ठेवावा.

पावसाळ्यात दुर्बीण प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळू नका, आत ओल कोंडून भिंगावर बुरशी चढते. आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. दव पडलेले भिंग पुसू नका, झाकण न लावता घरात आपोआप सुकू द्या.

विक्रेत्यांना विनंती, की ‘५२५ पट’च्या जागी व्यास आणि नाभीय अंतर ठळक छापलेलीच दुर्बीण दुकानात ठेवावी. आणि आपल्याला विनंती, की दैनिकातल्या पंचांगात चंद्रोदयाशेजारी आणखी एक ओळ द्यावी: आज रात्री आठ वाजता कोल्हापुरातून कोणता ग्रह कोणत्या दिशेला, किती अंशांवर.

आपले नम्र,
काही आकाशनिरीक्षक, कोल्हापूर