हातातल्या गेमिंग मशीनला सरसकट नावं ठेवू नका, पण ते बिघडलं तर न्यायचं कुठे तेही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या गेमिंगवर लेख आला होता, त्यात मोबाइलवरचे पैसे लावायचे गेम, पबजी, प्लेस्टेशन आणि हातात धरून खेळायचे कन्सोल हे सगळं एकाच टोपलीत टाकलंय आणि शेवटी पालकांना सांगितलंय की असलं काही घरात आणूच नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी आणली ते अगदी बरं झालं, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. पण हातातला कन्सोल ही वेगळी चीज आहे. आमच्याकडे इंदूरच्या रामबागेत गेली दोन वर्षं स्टीम डेक नावाचा असा कन्सोल आहे, मी स्वतः खेळतो, आठवीतली मुलगी खेळते, सुट्टीत बहिणीची मुलं येतात ती खेळतात, म्हणून जे पाहिलंय ते लिहितोय.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हॉल्व्ह नावाच्या अमेरिकन कंपनीने हे मशीन फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आणलं, मधे सात इंची स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं आणि अंगठ्याने हलवायच्या स्टिक, आत पूर्ण कॉम्प्युटर, १६ जीबी रॅम. चालतं विंडोजऐवजी लिनक्स नावाच्या प्रणालीवर, पण विंडोजसाठी बनलेले गेम त्यावर प्रोटॉन नावाच्या सोयीमुळे चालतात. नंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये ओएलईडी स्क्रीनवालं आलं, त्याची बॅटरी मोठी आहे. आमचं पहिलं, एलसीडीवालं.

आता याचं सगळ्यात मोठं सुख कोणतं ते सांगतो, आणि लेखात नेमकं तेच नाहीये. वरचं बटण दाबलं की गेम आहे तिथे थांबतो. आईने ताटं घेतली म्हणून हाक मारली, मुलीने बटण दाबलं, मशीन झोपलं, जेवण झाल्यावर परत बटण दाबलं की त्याच पायरीवर, त्याच उडीच्या मधोमध गेम उभा. मोबाइलवर "पाच मिनिटं बाबा, मधेच सोडलं तर टीम हरेल" हे रोज ऐकायला यायचं, ते भांडण आमच्या घरातून गेलं. दुसरं म्हणजे गेम एकदा विकत घेतला की घेतला, मधे जाहिरात नाही, दर दोन मिनिटांनी नाणी विकत घ्या म्हणून कोणी मागे लागत नाही. अर्थात असे गेम इथेही मिळतात, ते आपण घ्यायचे नाहीत एवढं पालकांनी बघावं. कंपनीच्या स्टीम या ऑनलाइन दुकानात किमती रुपयात दिसतात आणि सेलमध्ये जुने चांगले गेम फार स्वस्त मिळतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला राजी हा गेम मुलीने यावरच पूर्ण केला, त्यातले राजस्थानी महाल आणि भिंतीवरची चित्रं बघून तिने मला दोन दिवस प्रश्न विचारले. सध्या ती स्टारड्यू व्हॅली नावाच्या गेममध्ये शेती करून राहिलीये, पाऊस पडला की पाणी घालावं लागत नाही हे आजोबांना समजावून सांगते. माझे वडील पंचाहत्तरीचे, तिच्या शेजारी बसून "ते कोपऱ्यातलं वाळलंय बघ" म्हणतात. मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेल्या पोरीच्या शेजारी ते असे कधीच बसले नव्हते.

आता दोष. वजन ६६९ ग्रॅम, निंटेंडोचा स्विच कंट्रोलर लावून चारशेच्या आसपास आहे, म्हणजे हे चांगलं दीडपटीहून जड. मुलगी मांडीवर उशी घेते आणि त्यावर मशीन टेकवते, लहान मुलांच्या मनगटाला हे झेपत नाही, आठ-नऊ वर्षांच्या पोराला घ्यायचं असेल तर मी तरी हे घेऊ नका असंच सांगेन. बॅटरी कंपनी दोन ते आठ तास सांगते आणि ते खोटं नाही, पण लोक आठ ऐकतात आणि दोन विसरतात. भारी गेम लावला की दोन तासांत आटोपतं, शेतीच्या गेमला बराच वेळ पुरतं. स्क्रीन ४० हर्ट्झवर आणि गेम ४० फ्रेमवर, म्हणजे सेकंदाला ४० चित्रांवर, बांधून ठेवला तर थोडं जास्त चालतं, डोळ्यांना फारसा फरकही कळत नाही.

पुण्याच्या गाडीत हे सगळं कळलं. रतलाम गेलं आणि बॅटरी लाल झाली, मोबाइलची पॉवर बँक लावली तर टक्के वाढायच्या ऐवजी हळूहळू खालीच जाऊन राहिले होते. याचा चार्जर ४५ वॉटचा आहे, पॉवर बँकही तेवढी ताकद देणारी हवी, नाहीतर नुसतं लोढणं होतं. आणि गाडीत खेळायचं तर घरूनच प्रत्येक गेम एकदा उघडून, ऑफलाइन करून निघायचं, नाहीतर नेटवर्क नसलेल्या टापूत एखादा गेम उघडतच नाही.

उन्हाळ्याचं तर इंदूरच्या लोकांना वेगळं सांगायलाच हवं. कंपनीने स्वतः सांगितलंय की हे मशीन ३५ डिग्रीपर्यंतच्या हवेत नीट चालतं, त्यावर गेलं की स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी चाळीस पार, माळवा कितीही थंड म्हटला तरी. गच्चीच्या खोलीत आमच्या मशीनचा पंखा असा ओरडायला लागला की वडील खालून विचारायला आले मिक्सर कोण लावलाय. तेव्हापासून दुपारी कूलरच्या खोलीत नाहीतर बंद, हा घरचा नियम. आणि ज्या मुलांना मित्रांबरोबर वॅलोरंट किंवा फोर्टनाइट हे ऑनलाइन गेमच खेळायचेत त्यांच्यासाठी हे घेऊच नका, खेळातली लबाडी पकडणारं त्यांचं सॉफ्टवेअर या लिनक्सवर चालत नाही म्हणून ते गेमच चालत नाहीत. हे दुकानदार सांगत नाही, पोरगं घरी येऊन रडतं.

पण हे सगळं मी सहन केलं असतं. जी गोष्ट सहन होत नाही त्यासाठी हे पत्र आहे.

स्टीम डेक भारतात कंपनी अधिकृत विकत नाही. अमेरिकेत सगळ्यात स्वस्त मॉडेल निघालं तेव्हा ३९९ डॉलरचं होतं, आपल्याकडे कोणीतरी बाहेरून आणतो आणि वाटेल त्या भावाला विकतो. मी शहरातल्या एका दुकानातून अठ्ठेचाळीस हजारांना घेतलं. पक्कं बिल मागितलं तर छापील चिठ्ठी दिली, त्यावर पेनाने "एक साल वारंटी". सहाव्या महिन्यात बहिणीच्या धाकट्याच्या हातून ते फरशीवर पडलं आणि डावी स्टिक वाकडी झाली, गेममधला माणूस आपोआप डावीकडेच चालायला लागला. पडलं ही चूक आमची, मी फुकट दुरुस्ती मागितलीच नाही, पैसे देतो म्हटलं. दुकानदार म्हणाला, "भैया, इंपोर्टेड माल है, छोड़ जाओ, देखते हैं." वीस दिवस ठेवून घेतलं.

परत आणलं तेव्हा स्टिक तशीच. मागचे आठ स्क्रू असतात, त्यातले दोन गायब आणि एकाचा आटा गेलेला, तो नुसताच गोल फिरतो. आणि आतलं मेमरी कार्ड मधोमध मोडलेलं. हे मशीन उघडायच्या आधी मेमरी कार्ड काढायचंच असतं, नाहीतर मागचं झाकण ओढताना ते मोडतं, ही अगदी पहिली पायरी आहे, दुरुस्तीच्या प्रत्येक व्हिडिओत सुरुवातीला हेच सांगतात. त्या माणसाने न बघता झाकण ओढलं. मुलीच्या हातात ते दोन तुकडे दिले तेव्हा तिला काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही. दुकानदाराने वर अठराशे रुपये "चेकिंग" म्हणून घेतले, कार्डाचं म्हणाला की ते आधीपासूनच मोडलेलं होतं.

वाईट याचं वाटतं की हे मशीन दुरुस्त करायला मुळात सोपं आहे. सुटे भाग आयफिक्सिट नावाची कंपनी विकते, कृतीही फोटोसकट देते, फक्त ते भाग आपल्याकडे सरळ मिळत नाहीत. शेवटी भाचा सुट्टीत परदेशातून आला त्याच्याबरोबर स्टिक आणि गायब झालेले दोन स्क्रू मागवले. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली, लांब स्क्रू एका वाटीत आणि आखूड दुसऱ्या वाटीत, कारण दोन मापांचे असतात आणि चुकून लांब आखूडच्या जागी बसवला तर नुकसान होतं. आत पत्र्याचं झाकण, त्याचा एक स्क्रू चंदेरी पट्टीखाली लपलेला, मग बॅटरीची जोडणी सोडवायची, मग स्टिकचे तीन स्क्रू आणि एक नाजूक पट्टी. मुलीने टॉर्च धरला. सव्वा तास लागला, कॅलिब्रेशन केलं, म्हणजे स्टिकचा मधला बिंदू मशीनला नव्याने दाखवला, माणूस सरळ चालायला लागला. मी बँकेत हिशेब बघणारा माणूस, मला जमलं, तर दुकान थाटून बसलेल्याला का जमू नये, कारण त्याने दोन मिनिटं व्हिडिओसुद्धा बघितला नव्हता.

ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलंय, चांगली गोष्ट आहे, पण जी कंपनी इथे माल विकतच नाही तिचं तिथे काय मिळणार. मग उरतं ते दुकान, आणि दुकानाविरुद्ध ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार करायची तर हातात पक्कं बिल हवं, चिठ्ठी दाखवून काय होणार. म्हणून ज्यांना घ्यायचंय त्यांनी सिरियल नंबर लिहिलेलं जीएसटीचं बिल मिळत असेल तरच पैसे द्यावे, दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील, आणि दुरुस्तीला देताना मेमरी कार्ड स्वतःच्या हाताने काढून खिशात ठेवावं.

आपल्याला विनंती एवढीच की गेमिंगवर पुढचा लेख छापाल तेव्हा आपल्या वार्ताहराला एकदा बाजारात पाठवा, बाहेरून आणलेला माल कोणत्या कागदावर विकतात आणि कसं उघडायचं ते माहीत नसताना मशीन कोण उघडून राहिलंय ते त्याला बघू द्या. आमच्या मशीनचे सात स्क्रू आता घट्ट बसलेत, आटा गेलेला आठवा तसाच फिरतो, त्या कोपऱ्यावर मुलीने चिकटपट्टी लावलीये.

आपला नम्र,
एक वाचक, रामबाग, इंदूर