परदेशातील प्रतिनिधी कार्यालये आणि लहान निर्यातदार : केंद्रीय वाणिज्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : लहान निर्यातदारांना परदेशात प्रतिनिधी कार्यालय उघडण्यासाठी दूतावासांमार्फत मदत मिळण्याबाबत.

महोदय,

लहान आणि मध्यम निर्यातदारांची परकीय चलनाची व परदेशी नोंदणीची कागदपत्रे तयार करणे हा माझा व्यवसाय आहे, आणि त्याच अनुभवाच्या आधारे हे पत्र मी आपल्याला लिहीत आहे.

संयुक्त अरब अमिरातीशी झालेला व्यापार करार मे २०२२ मध्ये, ऑस्ट्रेलियाशी झालेला डिसेंबर २०२२ मध्ये आणि ‘एफ्टा’ गटाशी (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिक्टेनस्टाइन) झालेला ऑक्टोबर २०२५ मध्ये लागू झाला. या करारांमुळे आयात शुल्काचा अडथळा कमी झाला, ही मोठीच गोष्ट आहे. पण शुल्क उतरले म्हणून ऑर्डर आपोआप येत नाही. खरेदीदाराला नमुना दाखवणारा, त्याची तक्रार त्याच आठवड्यात ऐकून घेणारा आपला माणूस तिथे असावा लागतो. मोठ्या कंपन्या त्यासाठी उपकंपनी काढतात. लहान निर्यातदाराला परवडते ते प्रतिनिधी कार्यालय : एक खोली, एक-दोन माणसे, बाजाराची माहिती आणि गाठीभेटी. या कार्यालयाने विक्री करायची नसते, बिल फाडायचे नसते. त्याचा सगळा खर्च मूळ कंपनी पाठवते.

आपल्या देशातील नियम या वाटेत फारसे आडवे येत नाहीत, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. ‘फेमा’च्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) चौकटीत परदेशातील कार्यालयाच्या सुरुवातीच्या खर्चासाठी मागील २ वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या १५ टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या २५ टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती, आणि पुढील आवर्ती खर्चासाठी सरासरी उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत रक्कम बँकेमार्फत पाठवता येते. लहान उद्योगाला एवढी मर्यादा पुरेशी आहे.

खरी अडचण सुरू होते ती त्या देशात पाऊल टाकल्यावर, कारण ‘प्रतिनिधी कार्यालय’ या एकाच नावाखाली प्रत्येक देशाचा नियम निराळा आहे. सिंगापूरमध्ये मूळ कंपनी किमान ३ वर्षे जुनी आणि तिची उलाढाल अडीच लाख अमेरिकी डॉलरहून अधिक असावी लागते, कार्यालयात ५ पेक्षा कमी माणसे ठेवावी लागतात आणि ते ३ वर्षांहून अधिक काळ चालवता येत नाही. व्हिएतनाममध्ये एक वर्ष जुन्या कंपनीलाही ५ वर्षांचा परवाना मिळू शकतो. चीनमध्ये स्थानिक कर्मचारी थेट नेमताच येत नाही, तो मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेमार्फतच घ्यावा लागतो. जपानमध्ये तर नोंदणीच लागत नाही. ऐकायला हे सोयीचे वाटते. पण नोंदणी नाही म्हणून कार्यालयाच्या नावाने बँक खाते उघडत नाही आणि जागेचा भाडेकरारही होत नाही. दोन्ही मूळ कंपनीच्या किंवा तिथे पाठवलेल्या प्रतिनिधीच्या वैयक्तिक नावावर करावे लागतात. ते प्रतिनिधीच्या नावावर असतील आणि उद्या त्याने नोकरी सोडली, तर जागेची अनामत, दूरध्वनी आणि खात्यातील शिल्लक हे सगळे कायद्याच्या दृष्टीने त्याचेच असते. जाण्याआधी हे माहीत असेल, तर मूळ कंपनी त्याच्याशी तसा लेखी करार करून ठेवू शकते. पण हे वेळेवर सांगणारे कोणी भेटत नाही.

कागदपत्रांचा फेरा वेगळाच. संचालक मंडळाचा ठराव आणि मुखत्यारपत्र आधी नोटरीकडे, मग वाणिज्य मंडळाकडे, मग परराष्ट्र मंत्रालयाकडे जाते. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात (एका देशाने प्रमाणित केलेले कागद दुसऱ्या सदस्य देशाने मान्य करण्याचा करार) आहे, त्यामुळे ज्या सदस्य देशांशी हा करार आपल्यासाठी लागू आहे तिथे काम इथेच संपते. इतर देशांसाठी त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. ठरावावर कंपनीचे नाव पूर्ण आणि मुखत्यारपत्रावर ‘प्रा. लि.’ असे संक्षिप्त असले, एवढ्यावरूनही अर्ज परत येतो आणि साखळी पहिल्या शिक्क्यापासून पुन्हा सुरू होते.

याहून गंभीर प्रश्न कराचा आहे, आणि लहान निर्यातदाराला तो सहसा नोटीस आल्यावरच कळतो. केवळ पूर्वतयारीचे आणि साहाय्यक काम करणारे कार्यालय ‘स्थायी आस्थापना’, म्हणजे त्या देशात कंपनीवर कर लावण्यास आधार ठरणारे ठिकाण, ठरत नाही, असे बहुतेक करविषयक करारांत म्हटलेले असते. मात्र अशा करविषयक करारांत एकत्रित बदल करणाऱ्या ज्या बहुपक्षीय करारात आपणही सहभागी आहोत, त्यातील व्याख्येनुसार, ती मान्य केलेल्या देशांत, प्रतिनिधीने सही केली नसली तरी सौदा ठरवण्यात त्याचीच प्रमुख भूमिका असेल आणि मूळ कंपनी त्यावर नुसते शिक्कामोर्तब करत असेल, तर कर लागू शकतो. म्हणजे दर कोणी कळवला आणि ईमेल कोणी पाठवला, यावर सगळे अवलंबून. हा वाद किती लांबू शकतो याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. अमिरातीतील एका पैसे पाठवणाऱ्या कंपनीची भारतातील संपर्क कार्यालये (प्रतिनिधी कार्यालयाचाच आपल्याकडील प्रकार) धनादेश छापून घरपोच पाठवत असत. ती करपात्र आहेत असा निर्णय २००४ मध्ये झाला आणि ती करपात्र नाहीत हे सर्वोच्च न्यायालयात निश्चित व्हायला २०२० साल उजाडले. अशी १६ वर्षे परदेशात लढणे आपल्या कोणत्याही लहान कंपनीला शक्य नाही.

म्हणून माझी मुख्य मागणी एकच आहे. प्रत्येक महत्त्वाच्या बाजारपेठेतील भारतीय दूतावासाच्या वाणिज्य विभागाने त्या देशातील प्रतिनिधी कार्यालयाविषयीची अधिकृत माहिती, म्हणजे पात्रता, लागणारी कागदपत्रे, कर्मचारी नेमण्याचे नियम, परवानगी असलेली व नसलेली कामे आणि कराची सीमारेषा, मराठीसह भारतीय भाषांत प्रसिद्ध करावी, तिच्यावर तारीख टाकावी आणि नियम बदलताच ती सुधारावी. अर्ज फेटाळला गेल्यास निर्यातदाराला दाद मागता येईल असा एक जबाबदार अधिकारीही तिथे नेमावा. मेळाव्यांसाठी आणि खरेदीदार-विक्रेता भेटींसाठी सरकार खर्चात मदत करते, ती आवश्यकच आहे. पण मेळावा संपल्यावर मिळालेली ओळख टिकवण्यासाठी पहिल्या वर्षाच्या कार्यालयीन भाड्याचा काही भाग मिळाला, तर आधीचा खर्चही कारणी लागेल.

पुढील व्यापार करारांच्या वाटाघाटींत प्रतिनिधी कार्यालयासाठी किमान अटी आणि निर्णयाची कालमर्यादा स्पष्ट लिहून घ्यावी, अशीही विनंती आहे. सेवा व्यापाराच्या जागतिक करारात ‘व्यापारी उपस्थिती’च्या व्याख्येत प्रतिनिधी कार्यालयाचा उल्लेख आहेच, त्यामुळे हा विषय वाटाघाटीच्या टेबलावर मांडायला आधार शोधावा लागणार नाही.

या मागणीवर मंत्रालयाची भूमिका काय आहे आणि सुरुवात कोणत्या दूतावासांपासून करता येईल, हे आपण जाहीरपणे कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
निर्यात कागदपत्रांचे काम करणारा एक सल्लागार