मंडळाचे बिल्ले

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

काल फोनवर आई स्पर्धेसाठीच्या मंडळाच्या बिल्ल्यांवर "मोर हवाच" म्हणत होती आणि मागून बाबा "हे फुकटचं सॉफ्टवेअर चोरीचं तर नाही ना?" विचारत होते. दोघांना एकाच वेळी उत्तर देणं मला काही जमलं नाही, म्हणून लिहितेय.

बाबा, चोरीचं नाही. त्याचं नाव जिंप, चित्रं आणि फोटो जुळवायचं, सुधारायचं सॉफ्टवेअर. त्यातच मी बिल्ले करतेय. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते करायला घेतलं आणि तेव्हापासून जगभरची माणसं हौसेने त्यात भर घालत आली आहेत. ते कुणीही उतरवून घ्यावं, वापरावं. तुमच्या जुन्या लॅपटॉपवरही चालेल.

बिल्ला साडेतीन इंच रुंद आणि सव्वादोन इंच उंच धरलाय. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणून चित्र १०५० बाय ६७५ चं घेतलं. ए-फोर कागदावर असे आठ सुखाने बसतात. काम सगळं थरांवर चालतं. ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवावेत तसं: खाली रंग, त्यावर काठ, सगळ्यात वर नाव. नाव बदललं तरी काठाला धक्का लागत नाही, त्यामुळे अख्ख्या मंडळाचे बिल्ले एका सांगाड्यातून निघतील.

आई, काठ तुझ्याच पैठणीचा आहे. तू पाठवलेला फोटो तिरका होता, तो आधी सरळ करून घेतला. मग नारळी काठातला एकच नारळ नीट कापला आणि त्याच्याच प्रती शेजारी शेजारी लावत गेले. जरीवर खिडकीचा उजेड पडलाय तो तसाच ठेवलाय, फार गोड दिसतो.

मोर मात्र काढून टाकला. त्याचा तुरा थेट 'शैला'च्या मात्रांत घुसत होता. स्पर्धेत परीक्षक चार हातांवरून बघणार, त्यांना नाव वाचता यायला हवं. सावली, चमक, सोनेरी उठाव हे सगळं एका बटणावर मिळतं, म्हणूनच लोक ते वाट्टेल तसं फासतात. मी अक्षरं कुंकवाच्या रंगात घेतली आणि भोवती सायीच्या रंगाची बारीक कड दिली. त्यासाठी अक्षराचा आकार निवडायचा, तो सहा ठिपके फुगवायचा आणि खालच्या थरावर रंग भरायचा. हिरव्यावर लाल एरवी डोळ्यांत खुपतं, या कडेमुळे सुटं दिसतं.

अक्षराचं वळण 'यात्रा' फॉन्टचं घेतलंय. मुंबईच्या लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून ते बेतलंय, बाबांना आवडेल. दुकानदार "आमच्याकडचा फॉन्ट टाकतो" म्हणाला तर टाकू देऊ नका. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात, आणि कऱ्हाडकर काकूंच्या नावातल्या अर्ध्या 'र'चं काय होईल सांगता येत नाही. मी पीडीएफच पाठवीन, त्यात अक्षरं हलत नाहीत. बाबा, ती व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवताना फाइल म्हणूनच पाठवा. स्क्रीनशॉट काढून फोटो म्हणून पाठवलात तर कडा फुटतात. आणि आधी एकच कागद छापून बघा. पडद्यावरचा हिरवा छापल्यावर थोडा मळकट येतो. तसा आला तर कळवा, मी उजळ करून देईन.

आई, आता मला यादी हवी. बाबांनी सुवाच्य लिहावी, तू तपासावी. 'सौ.' लावायचं की नाही हे मंडळात एकदा ठरवा. माझं मत विचारशील तर कुणालाच लावू नका, नुसतं नाव आणि आडनाव. जागा वाचते आणि कुणाचं मनही दुखावत नाही.

बाबा, गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
मनू

ता. क. पैठणीला सेफ्टी पिन टोचू नका. बिल्ल्यामागे लावायची लोहचुंबकाची पट्टी मिळते. फक्त ज्या काकूंना पेसमेकर बसवलाय त्यांना चुंबक नको, त्यांचा बिल्ला दोरीत ओवून गळ्यात घालायला द्या.