यात करिअर काय, बाबा?

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलंत, "या सायकलवरून उड्या मारण्यात करिअर काय?" तुमची नात मिनी शेजारीच बसली होती, म्हणून मी विषय बदलला. आता सविस्तर लिहिते.

बाबा, तुम्ही आम्हाला मुंबई-पुणे शर्यत बघायला न्यायचात. मिनीची ही तशी नव्हे, हिला बीएमएक्स रेसिंग म्हणतात. वीस इंची चाकांची बुटकी सायकल, गिअर एकच, ब्रेक फक्त मागे. सीट नावापुरती. आठ जण उतारावरून एकदम सुटतात आणि साधारण चारशे मीटरचा उंचवट्यांचा ट्रॅक पाऊण मिनिटाच्या आत संपवतात. खरा कस सुटतानाच लागतो. पुढचं चाक फाटकाला टेकवून, दोन्ही पेडलवर उभं राहून तोल सांभाळायचा. रेकॉर्ड केलेला आवाज 'तयार राहा' म्हणतो आणि मग थांबतो. हे थांबणं दर वेळी कमी-जास्त असतं, नुसत्या अंदाजाने कुणी आधी सुटू नये म्हणून. मग टीट-टीट होतं आणि फाटक धाडकन खाली पडतं. मँचेस्टरच्या इनडोअर ट्रॅकवर मिनी हाच सराव पुन्हा पुन्हा करते, कारण पहिल्या वळणावर जी पुढे असते तिला गाठणं महाकठीण.

आता करिअर. इथे बेथ श्रीव्हर नावाची मुलगी आहे, मूळची एसेक्सची. 2016 च्या ऑलिंपिकनंतर ब्रिटनमध्ये बीएमएक्स रेसिंगसाठी मिळणारा पैसा फक्त पुरुषांच्या वाट्याला आला. ही अर्धा वेळ लहान मुलांना शिकवणाऱ्या बाईंची मदतनीस म्हणून काम करायची आणि उरलेल्या वेळात सराव. टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवायची तर देशोदेशीच्या शर्यतींना जायला हवं, त्यासाठी तिने चक्क लोकवर्गणी काढली. (आपल्याकडे गणपतीची काढतात तशीच, फक्त इंटरनेटवर.) आणि 30 जुलै 2021 रोजी सुवर्णपदक! मागे कोण होतं? 2012 आणि 2016 अशी लागोपाठ दोन सुवर्णं जिंकलेली कोलंबियाची मारियाना पाहोन. दोघींमध्ये अंतर 0.09 सेकंद.

पुढचंही सांगते, नाहीतर म्हणाल पोरगी चांगलं तेवढंच सांगते. 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या आधी बेथचं कॉलरबोन मोडलं. तरी तिथे अंतिम शर्यतीपर्यंतच्या सगळ्या फेऱ्या तिने जिंकल्या, आणि अंतिम शर्यतीत शेवटची आली. आठवी. 2025 मध्ये कोपनहेगनला पुन्हा जगज्जेती, तिसऱ्यांदा. तेव्हा बाबा, पेन्शन, ग्रॅच्युइटी असं यात काही नाही. ऑलिंपिक जिंकलेल्या मुलीची ही कथा, बाकीच्यांचं विचारूच नका. मिनीची शाळा नीट चालू आहे आणि चालूच राहील. पण म्हणून सायकल सोड, हे मी तिला सांगणार नाही.

आई, तुझी धास्ती वेगळी आहे आणि ती मला खोटी म्हणता येत नाही. तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट, हातमोजे, अंगभर कपडे, हे सगळं असतं, तरी पडायला होतं. ऑस्ट्रेलियाची साया साकाकिबारा आहे ना, तिचा काई नावाचा भाऊही याच खेळातला. 2020 मध्ये शर्यतीत पडून त्याच्या मेंदूला गंभीर दुखापत झाली. साया स्वतः टोकियोच्या उपांत्य फेरीत पडली. तरी ती खेळत राहिली आणि पॅरिसचं सुवर्ण तिनेच नेलं. तिच्या आईने हे सगळं कसं सोसलं असेल, याचा विचार माझ्याही मनात येतोच गं. मिनी अजून लहान उतारावरूनच सुटते. मोठ्यावर कधी जायचं ते कोच ठरवतील, ती नाही आणि मीही नाही.

मे महिन्यात येताय तेव्हा तिची शर्यत बघायला चला. बाबांनी स्वेटर घ्यावा, हॉलमध्ये गार असतं. आणि आई, 'मुलीच्या जातीला शोभतं का' हे तिच्यासमोर नको. तिला आता मराठी चांगलं कळतं आणि ती उलट प्रश्न विचारते.

तुमची,
शुभा